"सिस्टर, तुम्ही सांगाल तसं"

औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारणाऱ्या परिचारिकेला एक उत्तर हमखास मिळतं : "सिस्टर, तुम्ही सांगाल तसं. अंगठा कुठं करू?"

वॉर्डात हा विश्वास म्हणजे कमाई. रिसर्च नर्सला मात्र तोच नडतो. औषध गुणकारी आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर चाचणी. पेशंटला लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार बसवायचा, संमतिपत्र वाचून दाखवायचं आणि नुसती मान डोलली की थांबायचं नाही. "काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा," म्हणायचं. नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहतील, मध्येच सोडलंत तरी चालेल, हे ती सांगते. पेशंट ऐकतो आणि हळूच विचारतो, "पण डॉक्टर रागावतील ना?"

उदाहरणार्थ, रोटाव्हॅक या देशी लशीची मोठी चाचणी 2011 मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूला सुरू झाली. 6,799 तान्ही बाळं. दर तिघांत दोघांना लस, एकाला तसेच दिसणारे पण लस नसलेले थेंब. कुणाला काय मिळालं, हे पाजणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. 2016 पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. त्या तिसऱ्या बाळाशी तुलना करता आली, म्हणूनच लशीचा गुण मोजता आला. पण हा हिशेब बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला आधीच सांगायचा, तिला कळेल असा सांगायचा आणि ती उठून गेली तरी तोंड वाकडं करायचं नाही. एवढ्या अवघड कामाला आपण 'फॉर्म भरून घेणं' म्हणून मोकळे होतो!

बाकी कामं घड्याळाची आणि कागदाची. ठरल्या मिनिटाला रक्त घेणं, फ्रीजरचं तापमान टिपणं. नोंद चुकली तर व्हाइटनर नाही, एक आडवी रेघ, सही, तारीख. पेशंटला गंभीर त्रास झाला तर 24 तासांत कळवायचं, मग रविवार असो की लक्ष्मीपूजन.

महिनाअखेरीला औषध कंपनीचा फोन येतो, या महिन्यात किती जण घेतले? नकार देणाऱ्यांचीही नोंद ठेवलेली असते. कारण सांगायची सक्ती मात्र पेशंटवर नाही. कारणाचा रकाना कोरा राहिला तरी चालतो.