झाडपाला, कायदा आणि शेजारधर्म

पावसाळा ओसरला म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारात, चोपड्याकडे असो वा शिरपूरकडे, गोणपाटावर मुळ्या, साली आणि वेलींच्या जुड्या मांडून बसलेली एखादी पावरा म्हातारी हमखास दिसते. ती ओरडून गिऱ्हाईक बोलावीत नाही. अशाच एका म्हातारीपुढे काही वर्षांपूर्वी आम्ही थांबलो आणि घरच्या एका माणसाच्या जुन्या खोकल्यासाठी काही मिळेल का, असे विचारले. तिने आधी माणसाचे वय विचारले, मग किती दिवसांचा खोकला आहे ते विचारले, आणि शेवटी विचारले, “रगत पडस का?” रक्त पडते असे आम्ही सांगताच तिने हातातली मुळी परत गोणपाटावर ठेवली. “मंग मनाकडे नही. सरकारी दवाखानामा जा.”

एक पैसाही न घेता तिने आम्हांस परत पाठविले. या बाईकडे पदवी नाही, परवाना नाही, नोंदणी क्रमांक नाही. कायद्याच्या दृष्टीने ती कोण?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण कायदा तिच्याकडे दोन डोळ्यांनी पाहतो आणि दोन्ही डोळ्यांना वेगळे दिसते. मुळी खणणारी म्हणून ती हक्कदार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे व कंद ही गौण वनोपजे ठरविली आणि ती गोळा करण्याचा व विकण्याचा वनवासीयांचा हक्क मान्य केला. त्याआधी २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही स्थानिक लोकांना आणि पिढ्यान्‌पिढ्या उपचार करणाऱ्या वैद्य-हकिमांना सवलत दिली होती. यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी आहे.

पण तीच मुळी वाटून “हे घ्या, ताप उतरेल” असे म्हणत तिने कोणाच्या हाती दिली, की चित्र पालटते. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यावसायिक अधिनियमानुसार नोंदणीवाचून वैद्यकी करणे हा गुन्हा आहे. केरळातील पारंपरिक वैद्यांनी अशाच बंधनाविरुद्ध दाद मागितली होती. १३ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. मान्यताप्राप्त अर्हता आणि नोंदणी नसेल तर परंपरेच्या नावाखाली उपचार करता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणजे औषध बाळगण्याचा हक्क आहे, देण्याचा नाही.

न्यायालयाचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. झाडपाल्याविषयी हळवे होणे शहरातल्या माणसाला परवडते. पाड्यावरच्या आईला ते परवडत नाही. सर्पदंश झालेले मूल भगताच्या अंगणात रात्रभर ठेवल्याने दगावते. सिकलसेलने सांधे धरलेल्या पोराला चटके दिले जातात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समजही खोटा आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खातरजमा झाली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद कोणी जिंकला हा भाग आम्ही सोडून देतो. वेल ओळखणारा माणूस मध्ये नसला तर काय घडू शकते, हे मात्र त्या वादाने दाखविले. आणि वेल ओळखणारा माणूस कोण, हे सातपुड्यात कोणालाही विचारावे.

येथेच आमचे मन अडखळते. जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात, वैद्याचा मान राखावा असे सांगितले आहे. औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली आणि शहाणा मनुष्य ती तुच्छ लेखीत नाही, असेही तेथे म्हटले आहे. वैद्यासोबत औषधे मिसळून तयार करणाऱ्याचाही उल्लेख त्याच अध्यायात येतो. मुळी खणणाऱ्याचे नाव तेथेही नाही, पण भूमीतून औषध वर आणणारा कोणीतरी असणारच!

ज्ञानाच्या मालकीविषयीही असेच होते. अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झुंज दिली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. सारा देश आनंदला, आम्हीही आनंदलो. पण ते रद्द झाले ते लिखित पुरावे दाखविल्यामुळे. त्यानंतर उभारलेले पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालयही मुख्यतः संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांवर आधारलेले आहे. पावरी बोलीत सासूने सुनेला कानात सांगितलेले औषध त्यात कसे येणार? जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभवाटपातून सूट दिली. पोथीत असलेले ज्ञान सर्वांचे आणि पोथीत नसलेले ज्ञान कोणाचेच नाही, अशी ही विचित्र गत आहे.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. सतराव्या शतकात केरळच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्याच्या आरंभीच्या कामात मॅथ्यू नावाचे एक कार्मेलाइट धर्मगुरू होते. ग्रंथ डच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, पण इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याने दिलेली साक्ष त्याच्या स्वतःच्या लिपीत पहिल्या खंडात छापलेली आहे. व्यापारासाठी आलेल्या परक्या सत्तेला जे सुचले, ते आपल्या नोंदवह्यांना सुचू नये?

कारण नोंदवही आहे. कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत दिली आणि न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरण्याची तंबी दिली. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते, हे शाळेत शिकलेल्या कोणासही ठाऊक आहे. शिवाय जाणकार म्हातारी सहजासहजी तोंड उघडत नाही. सांगितले की औषधाचा गुण जातो, असे ती मानते. आम्ही पूर्वी याला अंधश्रद्धा म्हणत असू. हळदीचे प्रकरण वाचल्यापासून तितक्या ठामपणे म्हणत नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाजवळही परवाना नव्हता. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आणि मग जखमी माणसाला उतारशाळेत नेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन केले, वर खर्चही दिला. आपल्याकडे काय आहे ते देणे आणि आपले कोठे संपते ते ओळखून पुढच्याच्या हाती सोपविणे, ही दोन्ही कामे त्याने केली. बाजारातल्या त्या म्हातारीने आमच्या बाबतीत दुसरे काम केले. तिने दवाखान्यात पाठविले, पण दवाखान्याने तिला काही विचारले का? आमच्या ओळखीची एक धर्मभगिनी पाड्यावर रुग्ण तपासताना रागे न भरता पहिला प्रश्न विचारते, “घरी काय घेतलं?” आणि मिळालेले उत्तर, वनस्पतीच्या पावरी नावासकट, केसपेपरवर लिहून ठेवते. नोंदणी नसलेल्यांना डॉक्टर बनवा, असे आम्ही म्हणत नाही. जखम, खरूज, साधा ताप अशा मर्यादेत त्यांच्या झाडपाल्याला ग्रामसभेच्या संमतीने मान्यता मिळावी आणि दवाखान्याने त्यांच्याशी बोलावे, इतकेच आमचे मागणे आहे.

आपल्या नाशिक धर्मप्रांतातील जी कुटुंबे जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या खेड्यांत राहतात, त्यांनी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहावयास मागावी. तीत जाणकार व्यक्तींसाठी जागा असते. ती भरलेली आहे का, आणि भरली असेल तर गावातल्या मुळी खणणाऱ्या म्हातारीला विचारून भरली आहे का, एवढे पाहून यावे.