पलटणीचा भात

साल 1889. जावा बेटावरचं बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता. राज्य डचांचं. तिथल्या लष्करी दवाखान्यात बेरीबेरीचे रुग्ण खाटांवर पडलेले असत. आधी पाय जड होत, मग लुळे पडत. कुणाला सूज चढे, कुणाचं हृदयच थकून बंद पडे.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढल्याला सातच वर्षं झाली होती. त्यामुळे दुखणं म्हटलं की जंतू असणारच, अशी डॉक्टरमंडळींची खात्री. कॉखकडेच शिकून आलेला ख्रिस्तियान आइकमन बेरीबेरीच्या जंतूच्या मागावर होता. त्याने प्रयोगशाळेत कोंबड्या पाळल्या आणि काहींना रुग्णांचं रक्त टोचलं.

कोंबड्या झोकांड्या खाऊ लागल्या. झालं, सापडला जंतू! पण ज्यांना काहीच टोचलं नव्हतं, त्यांचेही पाय लटपटू लागले. त्यांना दूर, वेगळ्या जागी ठेवलं, तरी तेच. आणि मग काही महिन्यांनी, कुणी काही औषध न देता, दुखणं ओसरलं. आजारी कोंबड्या खुडबुडत दाणे टिपू लागल्या.

चौकशीत निघालं ते असं. कोंबड्यांची देखभाल करणारा माणूस दवाखान्याच्या मुदपाकखान्यातून उरलेला भात आणून त्यांना घालत असे. भात एकदम झकास, गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा. पुढे आचारी बदलला. पलटणीचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना का म्हणून द्यायचा, असा त्याचा हिशेब. त्याने भात बंद केला. मग कोंबड्यांच्या नशिबी कोंड्यासकटचे दाणे आले आणि त्या उठून चालू लागल्या. आचाऱ्याच्या हात आखडण्याचं कौतुक करावं असे प्रसंग विज्ञानात फार नसतील.

आइकमनच्या विनंतीवरून आडॉल्फ फोर्डरमन या आरोग्य अधिकाऱ्याने जावातले 101 तुरुंग तपासले. पांढऱ्या तांदळाच्या 51 तुरुंगांपैकी 36 मध्ये बेरीबेरी होता. कोंडा राखलेल्या तांदळाच्या 37 पैकी फक्त एकात. शिपायाला मानाचा भात मिळत होता, बऱ्याच कैद्यांना जाडाभरडा. आणि धडधाकट राहत होते ते हे कैदी.

आता तरी उलगडा व्हायला हवा होता. पण आइकमनने काढलेला अर्थ पाहा: पांढऱ्या भातात विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. शत्रू शोधायला निघालेल्या माणसाला शत्रूच दिसतो. ताटात काय आलं ते नजरेला पडतं. काय आलंच नाही, ते कोण पाहणार? त्याच प्रयोगशाळेत पुढे काम करणाऱ्या खेरिट ग्रेइन्सने 1901 मध्ये ते पाहिलं. त्याने सांगितलं की भातात विषबिष काही नाही. कोंड्याबरोबर शरीराला लागणारं काहीतरी फेकलं जातंय.

ते काहीतरी 1926 मध्ये बटावियातच कोंड्यातून शुद्ध रूपात हाती आलं. थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1. मोठ्या माणसाला दिवसाला ते एक-दीड मिलिग्रॅम पुरतं, पण शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. भातातल्या पिठूळ भागाची ऊर्जा करायला हेच लागतं. म्हणजे पांढरा भात जितका जास्त ओरपावा, तितकी त्याची गरज वाढते, आणि त्या भातात ते जवळजवळ नसतंच. पोट तुडुंब आणि शरीर उपाशी, असा हा विचित्र मामला. 1929 चं नोबेल आइकमनला मिळालं, इंग्लंडचा शास्त्रज्ञ हॉपकिन्स याच्याबरोबर. ग्रेइन्सचं नाव त्यात नव्हतं, हे मला अजून खटकतं.

आइकमन आणि ग्रेइन्स जावात शोध घेत होते त्याच सुमारास मलायात चिनी मजूर पांढरा तांदूळ खाऊन बेरीबेरीने पडत होते आणि शेजारचे तमिळ मजूर बहुतेक वाचत होते. तमिळांचा तांदूळ उकडा होता. साळ सालीसकट भिजवून उकडली की कोंड्यातलं ब-1 दाण्याच्या आत मुरतं; मग गिरणीत कितीही सडा, बरंचसं आतच राहतं. कोकणात आणि गोव्यात हाच उकडा तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या शिजतो, आणि त्याची पेज कुणी मोरीत ओतत नाही. मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर पितात.