ताठ बस

‘ताठ बस’ हे दोन शब्द शिक्षकाच्या तोंडी इतके रुळलेले असतात, की त्यांच्यामागे काही विचार असावा लागतो याचाच त्याला विसर पडतो. मीही त्यांतलाच. पोक काढून बसलेल्या मुलाच्या पाठीला लाकडी पट्टी लावून, ‘ही बघ आणि तुझी पाठ बघ,’ असे म्हणण्यात मला मोठी शिस्त वाटत असे.

पुढे थोडे वाचनात आले तेव्हा त्या पट्टीचीच लाज वाटली. माणसाचा कणा मुळी सरळ नसतोच. उदरात मुटकुळे करून राहिलेल्या मुलाची पाठ जन्मतः कमानीसारखी असते. मूल मान धरू लागले की मानेचा बाक पक्का होतो. उभे राहू, चालू लागले की कमरेचा घडतो. म्हणजे ताठपणा कुणाला आयता मिळत नाही. पडत-धडपडत तो कमवावा लागतो आणि जन्मभर राखावा लागतो. तो राखायचा तो हालचालीने. खिळ्यासारखे ताठ बसूनही पाठ आखडतेच.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. त्या नमस्कारांत तरी काय आहे? वाकणे आहे, पण प्रत्येक वाकण्यानंतर पुन्हा उठणे आहे. वाकण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो उठण्याचा.

हे मला कळले ते पुस्तकातून नव्हे. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस म्हणजे आमच्या कंधार तालुक्यात सोयाबीन काढणीचे. वर्ग निम्मा रिकामा असतो. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांनी शाळेत आलेल्या एका मुलीच्या पाठीला मी सवयीने पट्टी लावली. ती एवढेच म्हणाली, “सर, चार दिवस झालं सोयाबीन काढायलाव. पाठ सरळ होईना.” आईबरोबर तीही गुत्त्यावर गेली होती. मधून मधून उभे राहावे, असे मी शहाणपणाने सांगितले. त्यावर ती म्हणाली, “उभं राहिलं की पात मागं पडते.”

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या हाती एक हातभर दांड्याचे कुदळीसारखे अवजार देत. दिवसभर कमरेत वाकल्यावाचून त्याने काम होत नसे, आणि मुकादमाला ते सोयीचे होते. कोण उभा राहिला, कोण कामात आहे, हे लांबूनच दिसे. पाठी कायमच्या निकामी होत. अखेर मजुरांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. आमच्या गुत्त्यात मुकादमाचीही गरज नाही. एकराचा भाव ठरलेला. उठून उभे राहण्याची किंमत ज्याची त्यानेच मोजायची. विळ्याला लांब दांडा लावता येत नाही, आणि भावाविरुद्ध दाद कुणाकडे मागावी?

मग चांगल्या सवयींचा उपदेश करावा तरी कुणाला? माझ्या मते, ज्याचे उठणे ज्याच्या हाती आहे त्याला, आणि तो निर्दयपणे करावा. मी स्वतः कादंबरी लिहिताना चार-चार तास मान मोडून बसतो. घरची माणसे हाका मारून थकतात. कचेरीतला कारकून, मोबाइलवर वाकलेला तरुण, आम्हां कुणालाही उठू नको म्हणणारा मुकादम नाही. आमचे पोक हा आमचा आळस आहे. त्या मुलीचे पोक हा तिचा दोष नव्हे, आणि तरीही पट्टी मी तिलाच लावली.

आता तासाच्या मध्यावर मी सबंध वर्गाला दोन मिनिटे उभे करतो. मुले गोंगाट करतात, शेजारच्या वर्गाचे गुरुजी रागावतात. चालायचेच. त्या वर्षी दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली आणि ती मुलगी पुन्हा चार दिवस दिसली नाही. आली तेव्हा मी तिला शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसायला सांगितले.