आधी पाऊस मोजायचा

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर माहीत आहे. पाऊस किती झाला ते मोजायचं आणि मगच ग्रामसभेत बसून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. माणसांचं, जनावरांचं पिण्याचं पाणी आधी, पिकं नंतर. त्याच भागातल्या एका लहान गावानं हा कित्ता गिरवला होता. तिथे पावसाची नोंद ठेवायचं काम माईच्या धाकट्या दिराकडे होतं.

माई शिवणकाम करायची. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. काही वर्षांपूर्वी तिला संधिवात जडला, डॉक्टर ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडलेली असायची. तास-दीड तास मूठ मिटत नसे. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसल्यावर कुठे कपाचा कान धरता यायचा. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी ती न चुकता घ्यायची, रक्त तपासून यायची. दुखणं आटोक्यात होतं, पण गेलं नव्हतं. आज बरं, उद्या वाईट, मग अचानक चार दिवस छान.

बोटांची सूज गावाला दिसायची. मनाची दमणूक कुणाला दिसणार? माप द्यायला आलेली बाई मापाबरोबर घरचं दुःखही ठेवून जायची. नवऱ्याची दारू, सोसायटीचं कर्ज, सुनेचं माहेरी जाऊन बसणं. माई जीव लावून ऐकायची. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ सालीच आपल्या व्याख्येत वेदनेला शरीराच्या संवेदनेबरोबर भावनेचाही अनुभव म्हटलं आहे. दुखऱ्या माणसाच्या घरात मात्र अजून दोन्हींचा हिशेब वेगळा धरतात. हात दुखतोय तर ऐकायला काय जातंय, असं सहज म्हटलं जातं.

दिवाळीच्या तोंडावर माईला एक चांगला दिवस मिळाला. त्या एका दिवसात तिनं मागे पडलेले सगळे ब्लाउज बेतले, शेजारणीचं रडणं ऐकलं, रात्री जावेशी फोनवर तासभर बोलली. दुसऱ्या दिवशी हात उचलेना. संध्याकाळी लेक वही घेऊन जवळ आली, “आई, मला गणिताची भीती वाटते,” एवढंच म्हणाली, आणि माई तिच्यावर ओरडली. पोरगी वही मिटून आत गेली.

त्याच आठवड्यात दीर चिडून घरी आला. “वहिनी, परतीचा पाऊस अजून मोजला नाही आणि लोक गव्हाचं बियाणं घेऊन बसलेत.”

“यंदा पाऊस चांगला आहे ना, भावजी? मग पेरू द्या की.”

“चांगल्या वर्षीच घात होतो. विहिरीत पाणी दिसलं की सगळे एकदम मोटारी लावतात. मार्चमध्ये प्यायला टँकर.”

माई त्यावर काही बोलली नाही.

त्यानंतर मात्र तिनं सकाळचा क्रम बदलला. पाण्यातून हात काढल्यावर आधी मूठ किती मिटते ते बघायचं. मग फोन वाजला की मन पुढे धावतंय की नको नको म्हणतंय, तेही बघायचं. हात बरा आणि मन थकलेलं, असंही व्हायचं. त्या दिवशी शिलाई चालायची, गाऱ्हाणी नाहीत. औषध, जेवण आणि लेकीचा संध्याकाळचा अर्धा तास काही झालं तरी राखून ठेवायचा. उरेल त्यात ब्लाउज, त्यातून उरलं तर गावाची सुखदुःखं. सगळ्यात अवघड होता चांगला दिवस. हात चालत असताना, आणखी दोन ब्लाउज सहज होतील असं दिसत असताना, चार वाजता मशीनवर झाकण घालायचं. तिला ते कितीदा तरी जमलं नाही.

जाऊ तर रागावलीच. “काल हळदीत हसत होतीस. आज माझ्यापुरतंच दुखायला लागलं का?”

“कालचं हसणं खरं होतं गं, आणि आजचं दुखणंही खरं आहे. आज ऐकलं तर अर्धवट ऐकेन आणि तुझ्यावरच चिडेन. परवा मीच फोन करते.”

परवाही हात वाईटच होते. तरी तिनं फोन केला, “आजही नाही जमणार,” एवढं सांगायला. पुढच्या रविवारी जाऊ स्वतः आली, ब्लाउजांना हुक लावत बसली आणि हुक लावता लावता मनातलं सगळं बोलली. शेजारीण मात्र तुटली, ती पुन्हा आली नाही. दोन गिऱ्हाइकं तालुक्याच्या टेलरकडे गेली. माईला त्याचं वाईट वाटलं, आणि पैशाचीही ओढाताण झाली.

लेकीनं ही रीत सगळ्यांआधी उचलली. शाळेतून आली की दारातूनच विचारायची, “आई, आज किती?” आणि “थोडंच” असं उत्तर आलं तरी गणिताची वही घेऊन बसायची, कारण तिचा अर्धा तास राखलेला आहे हे तिला माहीत होतं.

तुमच्या घरात असं दुखणं काढणारं कुणी असेल तर सकाळी “बरं आहे ना?” एवढ्यावर थांबू नका. आज काय काय जमेल ते विचारा. उत्तर “काहीच नाही” असं आलं, तर कालचा चांगला दिवस पुरावा म्हणून त्यांच्यापुढे धरू नका.