निष्काम कोणी व्हावे?

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनापुढे युद्धाची दोनच फळे ठेवतो: रणात पडलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वीचे राज्य. या हिशेबात एका माणसाची नोंद राहून गेली आहे. जो पडला नाही आणि ज्याच्या वाट्याला राज्यही आले नाही, जो ऐन चाळिशीच्या आत नाईक किंवा हवालदार म्हणून फौजेतून पेन्शनीत निघाला आणि ज्याला पुढची तीस-पस्तीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी दोन एकर जिराईत जमिनीच्या व गुडघ्यातल्या जुन्या दुखण्याच्या संगतीने काढावयाची आहेत, त्याला कोणते फळ, हे तेथे सांगितलेले नाही. सांगण्याचे प्रयोजनही नव्हते म्हणा. रथात बसला होता तो राजपुत्र होता, शिपाई नव्हे.

त्याच अध्यायातला निष्काम कर्माचा उपदेश मात्र आपण या शिपायास मोठ्या उदारपणे लागू करतो. 2015 साली ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. असे काही घडले की देशसेवेचा मोबदला मागणे शोभते का, असा सूर चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या बैठकीतही निघतो. या प्रश्नात धर्मविचाराची एक मूलभूत गफलत आहे. निष्कामता हे व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. फळाची आशा सोडण्याचा अधिकार कर्म करणाराचा, आणि ज्याने त्या कर्माचे फळ स्वस्थपणे घरी बसून भोगले त्याने कर्त्याला निरिच्छतेचा पाठ देणे म्हणजे ऋणकोने धनकोला अपरिग्रहाची महती समजावून सांगणे होय.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी ही गफलत केलेली नाही. सभापर्वात नारद युधिष्ठिरावर राज्यकारभाराविषयी प्रश्नांची जी सरबत्ती करतो, तीत तुझ्यापायी ज्यांनी मरण पत्करले त्यांच्या स्त्रियांचे पोषण तू करतोस ना, असा एक प्रश्न आहे. तो राजाला आहे, त्या विधवेने कितपत अपेक्षा ठेवावी याची चर्चा नारद करीत नाही. कौटिल्य तर भावनेच्या वाटेलाही न जाता, कामावर असता मेलेल्याच्या बायकामुलांना त्याचे अन्नवेतन मिळावे, असे सांगून मोकळा होतो. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती सभासदाच्या बखरीतली, अफजलखानाच्या वधानंतरची नोंद. पडलेल्यांच्या मुलांचा सांभाळ झाला, ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन मिळाले. बखरीच्या तपशिलाविषयी संशोधकांनी खुशाल वाद घालावा. जो मेला नाही आणि धड जगलाही नाही अशा माणसाला दरबारी लेखनिकाने स्वतंत्र कलम दिले, हे महत्त्वाचे. पुढे पेशवाईच्या दप्तरांत पडलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशीची नेमणूक दिसते, ती याच परंपरेतली.

स्वतंत्र भारतात 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. शाळेतली मुले कागदी निशाण छातीला टाचून डबा खुळखुळवीत येतात आणि आपण त्यात नाणे टाकतो. हा उपचार वाईट नाही, पण त्याने दान आणि ऋण यांची सरमिसळ होते. दान दात्याच्या मर्जीवर असते आणि घेणाराकडून कृतज्ञता अपेक्षिते. ऋणाला मर्जी नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी नाकरा खटल्यात, निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून झालेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे, असा निर्वाळा दिला, तेव्हा हाच भेद कायद्याच्या भाषेत आला.

निकाल झाला तरी रिवाज सहसा बदलत नाही. नोव्हेंबरात तालुक्याच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. म्हातारा अंगठा यंत्रावर टेकवतो, खुरप्याने आणि वयाने झिजलेल्या रेषा यंत्राला दिसत नाहीत, कारकून ओल्या फडक्याने अंगठा पुसून पुन्हा टेकवायला सांगतो. याविषयी माझी तक्रार नाही. खजिन्याने माणूस जिवंत असल्याची खातरजमा करावीच. तक्रार आहे ती अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबद्दल. आजार सेवेमुळे उद्भवला की सेवेने बळावला, हे एके काळचा शिपाई वैद्यकीय मंडळापुढे वर्षानुवर्षे सिद्ध करीत बसे. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती तो आजार सेवेमुळेच झाला असे धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारने वाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात ठरविले. तरीही सरकारची अपिले थांबली नाहीत, आणि मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असता 2015 साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीलाही या अपिलांच्या अतिरेकावर बोट ठेवावे लागले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गटारात उतरणारा सफाई कामगारही जीव धोक्यात घालतो. मग शिपायाचेच ऋण निराळे का? मला वाटते, फरक मरणाच्या धोक्यात नाही. संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क आकुंचित करण्याचा अधिकार दिला आहे, आणि 1950 च्या सेना अधिनियमाखाली त्याला ना संघटना काढता येते ना काम टाकून घरी जाता येते. सफाई कामगाराला परिस्थिती ‘नाही’ म्हणू देत नाही, आणि तो आपला स्वतंत्र कलंक आहे. शिपायाचा नकाराचा हक्क मात्र राज्य स्वतः, कायद्याने, काढून घेते. जेथे एका पक्षाला नकारच नाही, तेथे पगार देऊन करार पुरा झाला असे म्हणता येत नाही.

म्हणूनच 2022 च्या अग्निपथ योजनेकडे मी केवळ काटकसरीचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होणार. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, ज्याच्या मुद्दलातला निम्मा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला. ना निवृत्तिवेतन, ना माजी सैनिकाचा दर्जा. त्या चार वर्षांत हा पोरगा नकाराचा हक्क पुरताच सोडतो, चतुर्थांशाने नव्हे. निवृत्तिवेतनाचा बोजा खजिन्याला पेलत नसेल तर त्याची रक्कम मुदतीच्या मानाने ठरवावी, हे मी समजू शकतो; परंतु दर्जा आणि दवाखाना ही दोन तरी त्याला नाकारावयास नको होती.