घर सोडायचं नसेल तर

ती. माईमावशीस,


मुंबईला जायचं नाही, राजापूरचं घर सोडायचं नाही, हा तुझा निर्णय मला पटतो. दादालाही मी तसंच सांगितलं आहे. पण मग घर थोडं बदलायला हवं. चिऱ्याच्या पायऱ्या, उंच उंबरठे, परसातला संडास हे सगळं तू तरुण असतानाचं. आता तू अठ्ठ्याहत्तरची आहेस. खुबा मोडल्यावर माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या कितीतरी बायका त्याआधी तुझ्यासारख्याच एकट्या, धडधाकट राहत होत्या. पुन्हा एकटीने राहायला त्यातल्या फार थोड्या घरी गेल्या.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती रात्रीची. तुला जाग येते, घाईची लागलेली असते आणि तू तशीच चालू लागतेस. रक्तदाबाची गोळी चालू असताना झटकन उठलं की दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कॉटच्या कडेला बस, पाय जमिनीला टेकव, घोटे दहा-बारा वेळा वरखाली कर. मग धरून उभी राहा आणि डोकं स्थिर वाटलं तरच पाऊल टाक. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी घेत असशील तर ती सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचार. आपल्या मनाने बंद करू नकोस. झोपेच्या गोळीचंही विचार.

आणि काही झालं तरी रात्री परसात जायचं नाही. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ, त्यात वीज गेलेली, वर फुरशाची भीती. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात कमोड बसवून घे. घरात संडास नको, असं तू म्हणशील; पण देवघर दुसऱ्या टोकाला आहे, मधे अख्खं माजघर आहे. काम होईपर्यंत कॉटशेजारी कमोडची खुर्ची ठेव.

गवंड्याला नीट सांग, संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. आत पडलेलं माणूस दाराला अडतं आणि आत उघडणारं दार मग बाहेरून ढकलता येत नाही. धरायला दांडी हवी, पण टॉवेलची नव्हे. अंगाचा भार आला की ती उपटून हातात येते. तुझ्या भिंती मातीत बांधलेल्या, त्यात स्क्रू धरणार नाही. लोखंडी पाइप जमिनीत काँक्रीटमध्ये गाडून उभा करायला सांग. लादी खरबरीत घे.

मागच्या दाराला तू रात्री अडसर घालतेस. तू आत पडलीस तर शेजारच्या वहिनी येणार कशा? बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसव आणि एक किल्ली त्यांच्याकडे दे. पडवीतला दिवा सकाळी सातपर्यंत मालवलेला दिसला नाही तर त्यांनी येऊन हाक मारायची, असं ठरवून टाक. मोबाइल कपाटावर ठेवू नकोस, पिशवीत घालून गळ्यात अडकव. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ त्यात भरून ठेव. पडलीस तर उठायची घाई नको. कुठे दुखतंय ते बघ, कुशीवर वळ, गुडघ्यांवर येऊन रांगत खुर्चीपर्यंत जा आणि तिला धरून ऊठ. पाय टेकवत नसेल तर जागची हलू नकोस, फोन कर.

आता थोडं अवघड. घर दादाच्या नावावर करायचं तुझ्या मनात आहे. दादाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी बक्षीसपत्र करू नकोस, मृत्युपत्र कर. ते दोन साक्षीदारांसमोर होतं आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर तुला हयातभर सांभाळायची अट त्यात लिहून घे. अशी अट पाळली गेली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट तोंडीच राहिली तर उतारवयात भांडत बसावं लागतं.

पैशांचं मी आणि दादा बघतो, त्यावरून वाद घालू नकोस. गवंड्याला मात्र आजच निरोप धाड. मृग लागला की सगळे भाताच्या कामाला जातील. आणि गोळ्यांची नावं, वेळा मला फोनवर वाचून दाखव.

तुझी भाची,
सुमा