पिस्टनला जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक वयोवृद्ध मिस्त्री होते. शेतीला पाणी देणारी ऑइल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर त्यांचा हात बसला होता. पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांसाठी कास्टिंग जाऊ लागलं, तरी अडलेलं इंजिन घेऊन माणसं त्यांच्याच दारात यायची.

एकदा गल्लीतला एक तरुण आला. सरळ धावपट्टीवर वेगाचा उच्चांक करणारी गाडी बनवायचं त्याच्या मनात होतं. त्यानं यादी पुढं केली : फोर्ज केलेले पिस्टन, मोठा टर्बो, रेसिंगचा कॅमशाफ्ट. सगळं नामांकित, सगळं महाग.

मिस्त्रींनी विचारलं, "पोरा, इंजिन फुल्ल थ्रॉटलवर किती वेळ राहणार?"

"ते अजून ठरवलं नाही, काका. पण पार्ट एक नंबर आहेत."

"आधी काम ठरव, मग पार्ट घे. सर्किटवर वळण आलं की पाय उठतो, इंजिनला दम मिळतो. सरळ धावेत पाय उठतच नाही, पिस्टनचा माथा तापतच जातो. आरपीएम दुप्पट केलास तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरची ओढ चौपट होते. तुझ्या यादीत बोल्ट कुठं आहेत?"

तरुणाला ते पटलं नाही. त्यानं पार्ट मागवले, बसवले आणि इंजिन टेस्टला लावलं. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर थोड्याच वेळात आवाज घुसमटला आणि इंजिन जाम झालं.

मिस्त्रींनी ते खोललं. पिस्टन उजेडात धरला. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते आणि बोअरच्या भिंतीला ॲल्युमिनियम चिकटलं होतं.

"पिस्टनच खराब निघाला," तरुण चिडून म्हणाला.

"पिस्टन चांगला आहे. तू त्याला जागा दिली नाहीस." मिस्त्रींनी बोअर गेज लावून दाखवलं. क्लिअरन्स जुन्या कास्ट पिस्टनचाच ठेवलेला, जेमतेम चार शतांश मिलिमीटर. "जुन्या पिस्टनात सिलिकॉन जास्त होतं, तो तापल्यावर कमी फुगायचा. ह्यात सिलिकॉन कमी आहे. दणकट आहे, पण फुगतो जास्त. ह्याला दुप्पट तरी जागा पाहिजे होती. पैलवानानं नुसती छाती कमावली आणि गुडघा कच्चा ठेवला, तर आखाड्यात तो गुडघ्यावरच हरतो."

मग त्यांनी बर्ट मन्रोची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडच्या या माणसाकडं 1920 सालची इंडियन स्काउट मोटारसायकल होती. पिस्टन तो घरच्या शेडमध्ये स्वतः ओतायचा. फुटलेला पार्ट तो फेकत नसे. वेगाच्या देवाला वाहिलेला म्हणून फळीवर मांडून ठेवायचा आणि तो का फुटला हे समजून घेऊन पुढचा बनवायचा. 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याच गाडीनं 1000 सीसीखालच्या गटात विक्रम केला. वेग होता ताशी 295 किलोमीटरच्या पुढं.

"त्याच्याकडं महागाचं काही नव्हतं," मिस्त्री म्हणाले, "पण कुठला पार्ट काय सोसतो, हे त्याला पाठ होतं."

तरुणानं नवी यादी केली. या वेळी पहिल्या ओळीत आकडे होते : धाव किती लांब, फुल्ल थ्रॉटल किती सेकंद, आरपीएम किती. दुसऱ्या ओळीत रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग आले. मग ऑइल कूलर. होनिंग करून बोअरला मापाचा क्लिअरन्स दिला. टर्बो लहान निवडला, कारण मोठ्याचा दाब बाकीच्या पार्टना पेलणार नव्हता. सगळा खर्च पहिल्या यादीपेक्षा कमी आला.

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं धावली. परत आल्यावर दोघांनी इंजिन खोललं. पिस्टनवर एकही ओरखडा नव्हता.

तात्पर्य : पार्ट नावावरून आणि किमतीवरून निवडू नये. त्याला काय काम करायचं आहे आणि शेजारच्या पार्टशी त्याचं जमेल का, हे आधी पाहावं. उत्तम वस्तूसुद्धा योग्य जागा मिळाली तरच उपयोगी पडते.